वय झालेल्यांचं रिहॅब सुधारायचंय? मशीनची यादी नंतर, आधी हे बघा

रिहॅब म्हणजे आजारपणानंतर माणसाला परत स्वतःचं स्वतः करता यावं म्हणून दिलेले व्यायाम आणि ट्रेनिंग. एखाद्या हॉस्पिटलमध्ये किंवा सेंटरमध्ये "वयस्कर पेशंटसाठी रिहॅब चांगलं करूया" असं ठरलं की पहिल्याच मीटिंगला मशीनची यादी निघते, ट्रेडमिल कुठली, सायकली किती, हॉल केवढा, आणि त्यातच महिने जातात. मशीनला माझा विरोध नाही, पण त्याआधी एक आकडा काढा: पेशंटला हॉस्पिटलमधून सोडल्यापासून घरी त्याचा पहिला धड व्यायाम होईपर्यंत किती दिवस जातात? बहुतेक ठिकाणी हे कुणालाच सांगता येत नाही, कारण वॉर्डाच्या हिशेबाने डिस्चार्ज झाला की काम संपलं आणि बाहेरच्या थेरपिस्टच्या हिशेबाने पेशंट दारात आला की काम सुरू झालं, मधल्या दिवसांना वालीच नाही. त्या दिवसांत आजी पलंगावर असतात, घरचे घाबरलेले असतात, "पडलीबिडली तर" म्हणून उठूच देत नाहीत, आणि वॉर्डात जे कमावलं ते सगळं तिथं जातं. माझ्या मते सर्व्हिस सुधारायची म्हणजे मुख्यतः ही गळती बंद करायची.

हे मी वॉर्ड बघणाऱ्यांसाठी, छोटं क्लिनिक चालवणाऱ्यांसाठी, वृद्धाश्रमात काम करणाऱ्यांसाठी आणि आरोग्य खात्यात प्लॅनिंग करणाऱ्यांसाठी लिहितेय, पण घरी कुणाचं करत असाल तरी यातलं बरंच कामाला येईल. गरज केवढी आहे ते एका वाक्यात सांगते: २०१९ च्या आकडेवारीवरून केलेल्या जागतिक अभ्यासात जगभरात २४१ कोटी लोकांना रिहॅबचा फायदा होईल असं निघालं, म्हणजे साधारण दर तिघांत एक, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली 'रिहॅबिलिटेशन २०३०' सुरू केलं, मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेत यावर ठरावही झाला. कागद भरपूर आहेत. काम वॉर्डात आणि घरात व्हायचंय.

पलंगापासून सुरुवात करा

अमेरिकेत २००९ साली एक अभ्यास छापून आला, हॉस्पिटलमध्ये येण्याआधी चालत असलेल्या वयस्कर पेशंटना हालचाल मोजणारे सेन्सर लावले होते, तर अॅडमिट असतानाचा ८३ टक्के वेळ ते आडवे होते आणि उभं राहणं-चालणं मिळून दिवसाला जेमतेम ४ टक्के. त्याआधी २००७ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात निरोगी, सरासरी ६७ वयाच्या लोकांना १० दिवस पलंगावर ठेवलं तर त्यांच्या पायांचं जवळजवळ १ किलो वजन कमी झालं, चरबी सोडून, म्हणजे मुख्यतः स्नायू. हे निरोगी माणसाचं झालं. ज्याला न्यूमोनिया आहे, भूक नाही, अंगात ताप आहे त्याचं काय होत असेल विचार करा. त्यामुळे फिजिओ रोज २० मिनिटं येऊन जातो आणि आपण म्हणतो "रिहॅब चालू आहे", तेव्हा उरलेल्या वेळात काय चाललंय ते बघितलं पाहिजे, कारण खरा निकाल तिथं लागतो.

म्हणून वॉर्डात उठवण्याचं काम एकट्या फिजिओवर ठेवू नका. फिजिओने पहिल्या दिवशी ठरवायचं की हा माणूस किती मदतीने काय करू शकतो, आणि ते पलंगाच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात लिहायचं, "एका माणसाच्या आधाराने खुर्चीत", "वॉकरने बाथरूमपर्यंत, सोबत कुणीतरी" असं, म्हणजे नर्सला, मावशींना, मुलाला सगळ्यांना कळतं आणि कुणी घाबरून झोपवून ठेवत नाही. जेवण तिन्ही वेळेला खुर्चीत. दिवसा स्वतःचे कपडे, हॉस्पिटलचा गाऊन नको. चष्मा आणि कानाचं मशीन कपाटात नाही, नाका-कानावर. लघवीची नळी गरज संपली की त्याच दिवशी काढायची, कारण नळी असेपर्यंत माणूस उठत नाही आणि वर इन्फेक्शनचा धोका. दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी मिळेल अशी वेळ लावून घ्या, ही छोटीशी गोष्ट आहे पण तिने "नको आज, दुखतंय" हे उत्तर खूप कमी येतं.

खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या पेशंटला दुसऱ्या दिवशी उभं करायचं, हे ब्रिटनमध्ये उपचारांच्या गाइडलाइन काढणाऱ्या 'नाइस' संस्थेच्या गाइडलाइनमध्ये २०११ पासून आहे, आणि काही वेगळं वैद्यकीय कारण नसेल तर ते पाळलंच पाहिजे. पण लवकर म्हणजे सगळ्यांना सारखंच आणि भरपूर असं नाही हां. स्ट्रोकमध्ये २०१५ साली आलेल्या 'अॅव्हर्ट' नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये पहिल्या २४ तासांतच जास्त वेळ, जास्त वेळा उठवलेल्या पेशंटचा तीन महिन्यांनंतरचा निकाल उलट थोडा खराब आला. तर स्ट्रोकला सुरुवातीला थोडं थोडं, दिवसातून अनेकदा, डॉक्टरांशी बोलून. दोन्ही गोष्टी टीमला माहीत हव्यात, नाहीतर एक जण सगळ्यांना पळवतो आणि दुसरा सगळ्यांना झोपवतो.

काय करायचंय ते त्यांना विचारा, आणि मग ते उलगडा

फॉर्मवर 'गोल' (म्हणजे ध्येय) नावाचा रकाना असतो आणि त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं "स्नायूंची ताकद वाढवणे, चाल सुधारणे". हे थेरपिस्टचं गोल झालं. आजीला विचारलं की "आजी, तुम्हाला परत काय करता यायला हवंय?" तर पहिल्यांदा त्या म्हणतात "काही नाही गं, आता काय राहिलंय", आणि इथेच बरेच जण थांबतात. थांबू नका. "दिवसभरात सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो?" असं विचारा, मग येतं खरं: "रात्री बाथरूमला जायचं असलं की कुणाला तरी उठवावं लागतं, मला ते फार जड जातं."

आता हे एक वाक्य घेऊन बसा आणि त्याचे तुकडे करा. अंथरुणात कुशीवर वळणं. पाय खाली सोडून काठावर बसणं. तिथं मिनिटभर थांबणं, कारण झोपेतून उठल्यावर बीपी खाली येतो. लाइटचं बटण हाताला लागणं. हात न टेकता किंवा टेकून उभं राहणं. अंधुक उजेडात आठ-दहा पावलं. दाराजवळ वळणं, आणि खूप जण पडतात ते सरळ चालताना नाही, वळताना पडतात. कपडे सावरताना एका हाताने धरून उभं राहणं. कमी उंचीवर बसणं आणि तिथून उठणं. परत तेच सगळं उलट. आता तुमच्या व्यायामाची यादी आपोआप तयार झाली, प्रत्येक तुकड्याला एक व्यायाम किंवा घरातला एक बदल, आणि आजींना कळतं की खुर्चीतून दहा वेळा उठ-बस का करायची. रिहॅबला न येणारे, कंटाळणारे पेशंट म्हणतात ना, त्यातल्या बऱ्याच जणांना व्यायामाचा आपल्या आयुष्याशी संबंधच कुणी सांगितलेला नसतो.

थोडंच मोजा पण सगळ्यांचं मोजा

महागडं काही लागत नाही. खुर्ची, स्टॉपवॉच आणि जमिनीवर चिकटपट्टी. 'टाइम्ड अप अँड गो' म्हणजे हात असलेल्या खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, नेहमीच्या वेगाने आणि नेहमीच्या काठीसकट. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरून चला. दुसरी, ३० सेकंदांत हात छातीवर दुमडून खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठता येतं. तिसरी चालण्याचा वेग, ४ मीटर अंतराला ५ सेकंदांहून जास्त लागत असतील तर वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या खाली गेला, आणि हा आकडा पुढे काय होणार त्याबद्दल बरंच सांगतो. रोजच्या कामांसाठी बार्थेल इंडेक्स आहे, १९६५ पासूनचा, १०० पैकी गुण, कुणालाही शिकवता येतो.

मोजायचं कधी? सुरुवातीला, डिस्चार्जला, सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी. शेवटचे दोन लोक सोडून देतात आणि म्हणूनच वॉर्डात सगळं छान दिसतं. आकडे पेशंटला दाखवा, "मागच्या वेळी सहा वेळा उठलात काका, आज नऊ", याने चेहरा बदलतो माणसाचा, खरंच.

व्यायामाचा डोस कमी पडतो, यावर कुणी बोलत नाही

वयस्कर पेशंटला जे व्यायाम दिले जातात ते बऱ्याच ठिकाणी इतके हलके असतात की त्याने स्नायूला काही कळतच नाही, पाऊल वर-खाली करा, गुडघा सरळ करा, दहा-दहा वेळा, आणि सहा महिने तेच. पहिल्या दिवशी ठीक आहे हो, पण पुढे? १९९० साली एका नर्सिंग होममधल्या सरासरी ९० वयाच्या थोड्या लोकांवर आठ आठवडे वजन वाढवत नेणारा पायाचा व्यायाम केला गेला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. ग्रुप लहान होता, मान्य, पण १९९४ मध्ये त्याच टीमने १०० जणांवर केलं आणि ताकद वाढते, चालण्याचा वेग वाढतो हे परत दिसलं. नव्वदीतला स्नायूसुद्धा ऐकतो, फक्त त्याला पुरेसं काम द्यावं लागतं.

पुरेसं म्हणजे किती ते असं ओळखा: ८ ते १२ वेळा केल्यावर "अजून दोन-तीन जमतील, त्याहून जास्त नाही" असं वाटलं पाहिजे. पंधरा वेळा गप्पा मारत जमत असेल तर वजन वाढवा, घोट्याला बांधायचं वेट, जास्त टाइट बँड, किंवा खुर्चीची उंची थोडी कमी. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. श्वास रोखायचा नाही. छातीत दुखणं, नेहमीपेक्षा वेगळा दम, चक्कर, घाम फुटणं यातलं काही झालं तर थांबायचं आणि डॉक्टर.

तोलाचे व्यायाम वेगळे द्यावे लागतात, नुसतं चाला म्हणून तोल सुधारत नाही. न्यूझीलंडमध्ये तयार झालेला 'ओटागो' प्रोग्रॅम घरी करायचा आहे, आठवड्यातून तीनदा साधारण अर्धा तास पायाची ताकद आणि तोल, शिवाय दोनदा चालणं, आणि त्याच्या ट्रायल एकत्र बघितल्या तर पडणं साधारण ३५ टक्क्यांनी कमी झालं होतं. तोलाचा व्यायाम करताना थोडं डगमगायला झालं पाहिजे, सुरक्षित जागी, ओट्याला किंवा भक्कम टेबलाला धरता येईल असं उभं राहून. दोन्ही हातांनी घट्ट धरून केलेला तोलाचा व्यायाम म्हणजे व्यायाम झाला असं नाही, हळूहळू एक हात, मग बोटं, मग फक्त जवळ टेबल. पडायच्या भीतीने सगळंच सोपं करून टाकलं की पडणं कमी होत नाही, वाढतं.

खाण्याचंही बघा. २०१३ च्या 'प्रॉट-एज' तज्ज्ञगटाने ६५ च्या पुढच्यांसाठी रोज वजनाच्या दर किलोला १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय, आजारपणात त्याहून थोडं जास्त. किडनीचा जास्त त्रास असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं. पोटात काही जात नसताना ताकदीचा व्यायाम वाया जातो, म्हणून डाएटिशियन टीममध्ये पाहिजेच, किंवा निदान दर आठवड्याला वजन तरी करा.

डिस्चार्ज ते घर, इथं सगळ्यात जास्त जीव लावा

यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. डिस्चार्जच्या दिवशी काय होतं? गोळ्यांची पिशवी, जाड फाइल, "व्यायाम चालू ठेवा" आणि "पंधरा दिवसांनी दाखवायला या". घरी गेल्यावर पलंग वेगळ्या उंचीचा, बाथरूमला पायरी, वॉकर दारातून जात नाही, आणि ज्या मुलीने किंवा मुलाने करायचंय तिला-त्याला उठवायचं कसं हे कुणी हाताने करून दाखवलेलं नाही.

तर करायचं असं. एक, पेशंट अॅडमिट झाला त्या पहिल्या दोन दिवसांतच घराची माहिती घ्या, मोबाइलवर फोटो आणि व्हिडिओ मागवा, पलंग ते बाथरूम हा रस्ता चालत चालत शूट करून पाठवा म्हणावं, दाराची रुंदी आणि पलंगाची उंची टेपने मोजून. मग वॉर्डात त्याच उंचीवरून उठायची प्रॅक्टिस होते. दोन, घरी जाण्याआधी घरच्या माणसाने स्वतः, तुमच्यासमोर, पेशंटला पलंगावरून उठवून खुर्चीत बसवलं पाहिजे. सांगून "समजलं का" विचारायचं नाही, करून घ्यायचं, आणि जे रात्री घरी असणार आहेत त्यांच्याकडून. तीन, पहिल्या घरच्या व्हिजिटची तारीख आणि माणसाचं नाव डिस्चार्ज कागदावर असल्याशिवाय डिस्चार्ज पूर्ण धरायचा नाही. माझ्या मते तीन दिवसांच्या आत कुणीतरी घरी पोचलं पाहिजे, आणि तेवढी माणसं नसतील तर दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल तरी. चार, एक पानी कागद, मोठ्या अक्षरात: आत्ता काय जमतं, काय करायचं नाही, कुठले चार व्यायाम, कुठल्या खुणा दिसल्या तर कुणाला फोन. दहा व्यायामांचं छापील पुस्तक कुणी उघडत नाही.

हे सगळं एका माणसाच्या गळ्यात घाला. नर्स असेल, फिजिओ असेल, सोशल वर्कर असेल, पण नाव एकच, जो डिस्चार्जनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांचा जबाबदार. "टीम बघते" म्हणजे कुणीच बघत नाही.

काही देशांनी ही मधली जागा सिस्टिममध्येच बांधून टाकलीय. डेन्मार्कमध्ये २००८ साली फ्रेडेरिसिया नावाच्या म्युनिसिपालिटीने असं सुरू केलं की घरी मदतनीस मागणाऱ्या वयस्कर माणसाला आधी काही आठवडे स्वतःचं स्वतः करता येण्याचं ट्रेनिंग द्यायचं, आणि २०१५ मध्ये तिथल्या कायद्यानेच म्युनिसिपालिटीला मदतीचे तास ठरवण्याआधी हे बघणं बंधनकारक केलं. इंग्लंडमध्ये अशी सेवा सहा आठवड्यांपर्यंत फुकट मिळू शकते. जपानने २००० साली, लाँग टर्म केअर इन्शुरन्स सुरू झाला त्याच वर्षी, तातडीचे उपचार आणि घर यांच्यामध्ये खास रिहॅब वॉर्ड आणले. तुमच्याकडे कायदा नसला तरी यातली पद्धत घेता येते: घरी येणाऱ्या मदतनीसाला शिकवायचं की शर्टाची बटणं तू लावू नकोस, बाजूला उभी राहा, त्यांना दहा मिनिटं लागू दे, अडलं तर फक्त ते एक बटण लाव. कामवाल्या बाई किंवा अटेंडंट चांगल्या मनाने सगळं करून देतात आणि त्यात हात निकामी होतात, तेव्हा त्यांना रागवायचं नाही, त्यांना कामाची व्याख्याच बदलून द्यायची आणि वेळ द्यायचा.

घर आणि साधनं

काठी विकत आणून दिली की झालं असं समजतात. काठीची उंची अशी बघायची: रोजची चप्पल-बूट घालून ताठ उभं राहायचं, हात मोकळे सोडायचे, काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी, मग मूठ धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहतं. आणि काठी धरायची दुखऱ्या पायाच्या उलट हातात, हे इतक्या लोकांचं चुकीचं असतं की ओपीडीत नुसतं दारात उभं राहून काठ्या तपासल्या तरी फरक पडेल. खालचं रबर झिजलं की बदला. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०२२ च्या रिपोर्टप्रमाणे २५० कोटींहून जास्त लोकांना चष्मा, कानाचं मशीन, व्हीलचेअर, काठी असं काही ना काही साधन लागतं, आणि काही गरीब देशांत गरजवंतांपैकी फक्त ३ टक्क्यांपर्यंतच ते पोचतं. त्यामुळे सर्व्हिसमध्ये साधन देणं, मापाला बसवणं, वापरायला शिकवणं आणि दुरुस्त करणं हे चारही पाहिजेत. कपाटात पडलेला वॉकर दिसला तर पेशंटला दोष देऊ नका, बहुतेक वेळा तो मापाचा नसतो नाहीतर दारातून जात नाही.

घरात पलंग ते बाथरूम रात्रीचा लाइट, बाथरूममध्ये भिंतीत पक्कं बसवलेलं हँडल (टॉवेलचा दांडा नाही, तो उपटून येतो), सटकणाऱ्या सतरंज्या आणि वायरी बाजूला. एवढं झालं की मग बाकीचं. आणि पडल्यावर जमिनीवरून उठायचं कसं ते शिकवा, कुशीवर वळणं, कोपरावर येणं, हात-गुडघ्यावर, मग भक्कम खुर्चीकडे रांगत जाऊन चांगला पाय पुढे. ज्यांना हे जमणारच नाही त्यांच्यासाठी गळ्यात किंवा खिशात फोन. तासन् तास जमिनीवर पडून राहणं हेच पडण्याइतकं वाईट असतं.

डोकं, कान, मन आणि गोळ्या

"डिमेन्शिया आहे, सांगितलेलं लक्षात राहत नाही, रिहॅबचा उपयोग नाही" असं लिहून पेशंटला यादीतून काढतात. हे थांबवा. हातापायाची सवय शिकणं वेगळ्या वाटेने होतं आणि स्मरणशक्ती गेली तरी ती वाट बरीच उरते, म्हणून रोज तीच जागा, तीच वेळ, शक्यतो तोच माणूस, एका वेळी एकच छोटी सूचना, आणि बोलण्यापेक्षा करून दाखवणं. "आता वजन उजव्या पायावर घेऊन डावा पाय उचला" याऐवजी समोर हात करून "माझ्याकडे या". मध्येच नव्याने गोंधळ सुरू झाला, सकाळी ठीक आणि संध्याकाळी भलतंच, तर तो डिलिरियम असू शकतो, लगेच डॉक्टर.

ऐकू येत नसलेल्या माणसाला "सहकार्य करत नाहीत" असा शेरा मिळतो, आधी कानातला मळ तपासा. स्ट्रोकनंतर जवळपास एक तृतीयांश लोकांना डिप्रेशन येतं, त्याला आळस म्हणू नका. गिळताना ठसका लागत असेल तर स्पीच थेरपिस्ट (बोलण्यासोबत गिळण्याचंही तेच बघतात), वाट बघायची नाही. आणि गोळ्या: झोपेच्या गोळ्या, बीपीच्या, लघवीच्या, पाचाहून जास्त गोळ्या असतील तर डॉक्टरांकडून एकदा पूर्ण यादी तपासून घ्या, स्वतःहून काही बंद करायचं नाही. आडवं असताना बीपी घ्या, मग उभं केल्यावर १ आणि ३ मिनिटांनी. वरचा २० किंवा खालचा १० ने उतरला तर चक्करेचं आणि पडण्याचं कारण सापडलं, त्याला कितीही तोलाचे व्यायाम दिले तरी आधी हे सोडवावं लागेल.

माणसं कमी आहेत, मग?

कमी असणारच. जागतिक आरोग्य संघटनेचंच म्हणणं आहे की बऱ्याच कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा लाख लोकांमागे दहाहून कमी प्रशिक्षित रिहॅब कर्मचारी आहेत. तेव्हा फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं परत करायला शिकवणाऱ्याने) तपासणी, प्लॅन, डोस वाढवणं हे करायचं, आणि रोजची प्रॅक्टिस ट्रेनिंग दिलेल्या असिस्टंटने, पण असिस्टंटने कुठे थांबून विचारायचं ते लिहून दिलेलं पाहिजे. तोल आणि ताकदीचे क्लास ग्रुपमध्ये घ्या, एकट्या माणसाला सोबतही मिळते. वेटिंग लिस्ट आलेल्या क्रमाने चालवू नका. आत्ताच स्ट्रोक झालेला, खुब्याचं ऑपरेशन झालेला, महिन्यात दोनदा पडलेला आधी, कारण त्यांचा गेलेला आठवडा परत मिळवायला फार कष्ट पडतात. जुनाट गुडघेदुखीवाल्यांना थांबावं लागत असेल तर त्या काळात ग्रुप क्लास द्या, नुसती तारीख नको. हार्टच्या आणि फुप्फुसाच्या पेशंटना तर रिहॅब असतं हेच कुणी सांगत नाही, डॉक्टरांच्या डिस्चार्ज फॉर्मवर त्याची चौकट आधीपासून टिक केलेली ठेवा, नको असेल तर कारण लिहून काढावी लागेल अशी.

घरी करणाऱ्यांसाठी वेगळी वेळ काढा. लकवा झालेला हात धरून कधीही ओढून उठवायचं नाही, खांदा त्यानेच निकामी होतो, आधार पाठीमागून, कमरेच्या पट्ट्याला. करणाऱ्याची कंबर, करणाऱ्याची झोप, याचीही चौकशी तपासणीत हवी, तो माणूस आडवा पडला की पेशंटचं रिहॅब त्याच दिवशी बंद.

आणि यायचं बंद झालेल्यांना फोन करा, दर महिन्याला, नावं काढून. बहुतेक वेळा उत्तर "बरं वाटलं म्हणून" नसतं, गाडीची सोय नाही, सोबत यायला कुणाला सुट्टी नाही, मध्येच ताप आला आणि मग राहून गेलं, असं असतं, आणि यातलं निम्मं वेळ बदलून, घरी जाऊन किंवा व्हिडिओवर घेऊन सुटतं. फाइल 'बंद' करताना पेशंटला थेट नंबर द्या, परत पडलात, चालणं कमी झालं, नवीन आजार झाला तर डॉक्टरांची नवी चिठ्ठी न आणता याच नंबरवर फोन करायचा, आणि सहा महिन्यांनी आपणहून एकदा बोलावून तीच खुर्ची, तेच ३ मीटर परत मोजायचं, आकडा घसरला असेल तर त्याच दिवशी पुढच्या क्लासमध्ये नाव घालायचं.